धर्मशाळेतला घट

पेडगाव
श्रावणी सोमवार, १४ ऑगस्ट १९७८

माझ्या मनूला, आन् मनूच्या पोटातल्या पाव्हण्याला आजीचा आशीर्वाद.

जावईबापूंचं, बन्सीधररावांचं कारड आलं. पोष्टमन दारात उभं राहून वाचून दाखवायला लागला. मी म्हणलं, दे इकडं, माझ्या नातीची खबर मीच वाचते. शाळा दुसरीपस्तोर झाली, पण एकेक अक्षर लावीत गेले आन् 'सातवा लागला' पाशी आले तवा तशीच पिठाच्या हातानं गल्लीत निघाले. कमलबाईला सांगितलं. चक्कीवर सांगितलं. घरी आले तर सांगायला कुणी उरलं न्हाई, मग शेळीला सांगितलं. तुझी आई असती तर तिनं सांगितलं असतं. ती न्हाई, म्हून तिच्या वाटचं बी मीच सांगून टाकलं. हासू नको.

तुझा बाप अजून मेंढरं घेऊन जिंतूरकडच्या माळावर हाय. काळ्या रानातल्या चिखलानं खूर सडत्यात म्हून रायभान दरसाल जातो, तुला ठावंच हाय. त्येला निरोप धाडायचा तर मधी गाड्याच बंद. गाड्या काहून बंद होत्या ते तुमच्या सोनपेठात बी कळलं असंल. औरंगाबादेच्या मोठ्या शाळेचं नाव बदलायचं ठरलं म्हणं. शाळा तिकडं राहिली आन् जाळ इकडं खेड्यापाड्यात लागला.

आता तू भिऊ नको, पण सांगितल्याबिगर मला अन्न गोड लागायचं न्हाई. देवीच्या देवळामागं धर्मशाळा हाय ना, गोंधळी उतरत्यात ती, तिथं एक घर येऊन राहिलंय. तानुबाई, तिचा लेक लिंबाजी आन् सून लक्ष्मी. त्येंचं गाव नदीच्या अंगाला हाय. त्येंची वस्ती जाळली. अंगावरच्या कपड्यानिशी, भिजत, रानारानानं आले. भजनाला मानसं जमलेली, आन् हे तिघं भिंतीला टेकून बसलेले. मग मंडळ चालवणाऱ्या किशनरावांनीच टाळ खाली ठेवले. म्हणले, "देवीच्या दारात आलेलं मानूस उपाशी बसलंय आन् आपण कुणाला आळवायलोत? घरटी पाळी लावा." लय बरं वाटलं बघ मला. भजनी मंडळ म्हंजी नुसता गळाच न्हाई, हे कळलं.

तवापासून भाकरी जायलीय. पाणी शिवाशिव नको म्हून वरूनच वाढत्यात, मी बी वरूनच वतते, आपली रीत हाय. पण वततो.

तू पाठीला उशी लावून बसत जा. विहीणबाईला, पार्वतीबाईला माझा रामराम. कवा धाडतेत तुला ते विचार.

तुझी आजी
केवळाबाई

*

सोनपेठ
२४ ऑगस्ट १९७८

आजी,

तुझ्या पायावर डोकं ठेवते. वाकता येत नाही म्हणून इथूनच.

तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसले. शेळी काय म्हणाली ते लिहिलं नाहीस.

माझी तब्येत बरी आहे. पाय थोडे सुजतात. सासूबाई काम करू देत नाहीत, तोंडानं बोलतात तेवढंच. यांनी त्यांना विचारलं, मनूला पेडगावला कधी पाठवायचं? त्या म्हणाल्या, दिवस दिवाळीच्या अंगाला भरतात. पितरपाटात लेकीसुनेला वाटेला लावत नाहीत, तेव्हा पितरपाट सरला की घट बसायच्या दिवशी पाठवू. म्हणजे सव्वा महिन्यानं मी तुझ्याजवळ. मला दुसरं कुणी नको आजी, तू असलीस की झालं. इथल्या बायका बाळंतपणाच्या काय काय गोष्टी सांगतात, ऐकून हातपाय गार पडतात.

एक सांगायचं होतं. तुझी पत्रं आमच्या घरात सगळ्यांसमोर वाचली जातात. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून आश्रुबा भाऊजी मोठ्यानं वाचतात. मी त्यांच्या मागं उभी असते. त्या माणसांचा मजकूर आला तेव्हा भाऊजी थांबले आणि मला विचारलं, "वैनी, पेडगावात देवीचं देऊळ कुठल्या अंगाला आहे?" मी म्हणाले, आहे वेशीपाशी. नंतर वाटलं, कशाला सांगितलं.

भाऊजी हल्ली घरी कमी असतात. तू आपली तब्येत, मेंढरं, पाऊसपाणी एवढंच लिहीत जा. समजून घे.

तुझी मनू

*

पेडगाव
पोळा झाला, ५ सप्टेंबर १९७८

माझ्या मनूला आशीर्वाद. पाय सुजतेत तर उंचावर ठेव आन् मीठ कमी खा.

घट बसायच्या दिवशी येणार! मी बाळंतिणीची खोली सारवून घेतली. कमलबाई म्हणली, "अगं केवळे, अजून महिना हाय, सारवण उडून जाईल." मी म्हणलं, उडालं तर पुन्यांदा सारवीन, हात काय भाड्यानं आणलेत का.

तुझा दीर पत्र मोठ्यानं वाचतो हे लय चांगलं. शिकलेलं पोरगं घरात असावं. आश्रुबाला म्हणावं, आजीचं अक्षर वाकडं हाय, सांभाळून घे. आपलं पत्र चारचौघात वाचलं जातंय म्हणल्यावर मला बी हुरूप आला, म्हून ह्या बारीला सगळं बैजवार लिहिते.

तर त्या मानसांचं. लिंबाजी गुरामागं जायलाय, किशनरावांच्याच. पोळ्याला त्येनं बैलं धुतले, शिंगं रंगवले, आन् मिरवणूक निघाली तवा आपला मागं जाऊन उभा राहिला. तानुबाई बोलायला फटकळ हाय, पण खरी. मी एक दिस म्हणलं, देवीनंच तुमाला हितं आणलं. ती म्हणली, "बाई, आमाला देवीनं न्हाई, जाळानं आणलं. आमी देव सोडले. बुद्धाला मानतो." जळत्या घरातनं तिनं भांडं काढलं न्हाई, कपडा काढला न्हाई, बुद्धाचा फोटू तेवढा काढला. काच फुटलीय त्येची. मला जरासक राग आला, खोटं कशाला बोलू. देवीच्या छपराखाली राहायचं आन् असं बोलायचं? घरी आले तरी ते बोलणं डोक्यातनं जाईना. जाळानं आणलं म्हणती ते खरंच हाय की.

आन् सून लक्ष्मी, ती बी पोटुशी हाय! तुझ्या मागंच, महिन्याभराचं अंतर असंल. तुझ्यागतच नाकावर घाम येतो तिला. तिला बघितलं की मला तू दिसायलीस. परवा ताक न्यायला आली तर मी पायरीवर बसवलं. कमलबाई बघायली. बघू दे.

एकच हाय, ती झोपत न्हाई. जरा कुठं मोटारीचा आवाज आला की उठून उभी राहती, पोटाला हात लावून.

तुला काय खावं वाटतंय ते लिही.

तुझी आजी

*

सोनपेठ
१३ सप्टेंबर १९७८

आजी,

हे कार्ड मी शेजारच्या काकूंकडून गुपचूप टाकायला दिलं आहे.

माझं मागचं पत्र तुला समजलं नाही. भाऊजींच्या वाचनाचं कौतुक करू नकोस गं. त्या माणसांबद्दल एक अक्षर लिहू नकोस. नाव नको, गाव नको, कुठं झोपतात, कुठं कामाला जातात, काही नको. भाऊजींबरोबर पाच-सहा पोरं आहेत, जीप आहे कुणाची तरी. रात्री ओट्यावर बसतात. मी पाणी द्यायला गेले की गप्प होतात. हे त्यांना रागावले, तर भाऊजी म्हणाले, "तू नोकरी सांभाळ."

पत्र वाचून फाडून टाक. मला भीती वाटते, आणि भ्याले की पोटातलं लेकरू हलायचं थांबतं असं वाटतं.

मनू

*

पेडगाव
पितरपाट, २२ सप्टेंबर १९७८

माझ्या मनूला आशीर्वाद. हे पाकीट तुझ्या शेजारच्या काकूच्या पत्त्यावर धाडायले. आता कळलं मला. म्हातारीला उशिरानं कळतं.

तुझं कारड पोचायच्या आधीच जीप पोचली. बाजाराच्या दिशी आली. आपल्या गावचं कुणी न्हाई. हॉटेलात च्या पिले आन् विचारायले, देवळामागं कोण राहायलंय? तानुबाई कोणती? मनू, तिचं नाव आमच्या निम्म्या गावाला ठावं न्हाई. माझ्या पत्रातनंच गेलं. मी हुरूपानं लिहायले आन् तिकडं ते ऐकायले. 

जाताना ती पोरं किशनरावाला म्हणली, "घट बसायच्या आत जागा मोकळी करा, न्हाईतर आमी करू." किशनराव वाईट मानूस न्हाई गं. पण भ्याला. त्येनं भजनी मंडळ बोलावलं आन् तोंड वर न करता म्हणला, "नवरात्र आलं. धर्मशाळेत घटी बसणाऱ्या बाया बसत्यात. जागा पवित्र पायजे. त्येंनी दुसरीकडं बघावं."

मी बायांत मागं बसले होते. इचारलं, "दुसरीकडं म्हंजी कुठं?"

"ते आपल्याला काय ठावं, केवळाबाई?"

"बरं. यंदा घटी कोण बसणार हाय?"

नऊ दिस देवळाचं आवार सोडायचं न्हाई, भुईवर झोपायचं, दिवा इझू द्यायचा न्हाई, यंदाच्या भीतीत कोण बसतंय? मग मी उठले. "मी बसते," म्हणलं. "धर्मशाळेतच घट मांडते. आन् म्हातारीला सोबत लागती. ही मानसं माझी सोबत."

किशनरावाचं तोंड बघायला पायजे होतं तू! रीत त्येनंच सांगितलेली. घट बसला की दसऱ्यापस्तोर ती जागा कुणी मोडत न्हाई, तिथल्या मानसाला कुणी ऊठ म्हणत न्हाई. आश्रुबाची पोरं बी देवीला भितेत, घटावर चालून यायची न्हाईत. कमलबाई, त्येची बायकू, पदरात तोंड घालून हासायली.

मी लय खुशीत तानुबाईला सांगायला गेले. वाटलं पाया पडंल. ती म्हणली, "दसऱ्यानंतर?" मी गप. मग म्हणली, "बाई, आमी कुणाच्या देवीच्या पाठीमागं लपावं हे मला गोड वाटत न्हाई. पण सुनेचं पोट बघून कबूल करते. आमचा फोटू भिंतीवरनं उतरणार न्हाई." मी म्हणलं, तुझा फोटू त्या कोपऱ्यात, माझा घट ह्या कोपऱ्यात. दोघंबी कुणाला चावत न्हाईत.

तर मनू, तू यायच्या दिशी मी घटी बसलेली असंन. तू थेट घरी जा, कमलबाई बघंल तुला. देवळात येऊन मला तोंड दाखव.

तुझी आजी

*

पेडगाव
२८ सप्टेंबर १९७८

मनू,

येऊ नको. दसरा होऊस्तोर पेडगावात पाऊल टाकू नको. विहीणबाईला म्हणावं, आजीची सोय न्हाई. कारण विचारू नको, लिहिता येत न्हाई. माझ्यावर रागव पण येऊ नको.

आजी

*

सोनपेठ
३ ऑक्टोबर १९७८

आजी,

आज घट बसले. माझी पेटी बांधून दारात ठेवली होती. काकूंनी तुझं पत्र दिलं तेव्हा हे स्टँडवर गाडी बघायला गेले होते. मी पेटी परत आत ओढली. एकटीनंच.

सासूबाईंना मी म्हणाले, आजीची सोय नाही. त्या म्हणाल्या, "सोय नाही? मागच्या महिन्यात खोली सारवली म्हणून लिहिलं होतं ना?" मग म्हणाल्या, "परक्याला देवळात जागा आहे, सख्ख्या नातीला घरात नाही." त्यांचं बोलणं मला एरवी लागत नाही. आज लागलं.

मी रागावले नाही असं लिहिणार होते. पण रागावले आहे. आई नाही, बाप मेंढरांमागं, तू एक होतीस. त्या लक्ष्मीजवळ तू नऊ दिवस बसशील आणि मला येऊ नको म्हणतेस. आणि आजी, त्यांना वाचवायचंच होतं तर देवीच्या आड का? आपल्या घरात का नाही नेलंस? घर तर रिकामं होतं. मी येणार नव्हते ना.

काल पोटात दुखलं. दवाखान्यातली बाई म्हणाली, अजून वेळ आहे, भ्यायचं नाही. भ्यायचं नाही असं सगळेच म्हणतात.

मनकर्णा

*

पेडगाव
दसरा झाल्यावर, १३ ऑक्टोबर १९७८

हे पत्र काकूच्या पत्त्यावर न्हाई, तुमच्या घरच्या पत्त्यावर धाडलंय. आश्रुबानं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचावं. पार्वतीबाईनं समोर बसावं. एक अक्षर गाळू नये.

मनू, पयल्यांदा तुझं. तुला येऊ नको म्हणलं त्येचं कारण आता सांगते. तुझे दिवस भरत आलेत. घट बसलेला असताना माझ्या घरात बाळंतपण झालं असतं तर घराला सोयर लागलं असतं. सोयर लागलेल्या बाईला घटाजवळ बसता येत न्हाई. माझा नेम मोडला असता, घट मोडला असता, आन् त्याच दिशी ही तीन मानसं रस्त्यावर आली असती. कमलबाईनं हे ध्यानात आणून दिलं. तुला लिहावं तर पत्र कुणाच्या हाती पडंल ह्याची धास्ती. म्हून पोटच्या नातीला नको म्हणलं आन् घटासमोर बसून रडले.

आता पुढचं ऐक. ज्या सोयराला मी दारात अडवलं ते मागच्या दारानं आलं.

सातव्या माळेला, सांजच्या आरतीला बाया जमल्या होत्या. तेवढ्यात वेशीकडनं मोटारीचा आवाज आला. कुणाची ती जीप, ते ओट्यावरच्यांनी आपल्या मनाला विचारावं. वेशीपस्तोर आली, घटाचा दिवा बघितला आन् माघारी गेली. पण लक्ष्मी आवाज ऐकून उठली ती तशीच भिंत धरून खाली बसली. पाणी गेलं. आठव्यातच.

तानुबाईनं पडदा धरला. जरा वेळानं तिनं पडद्यातनं डोकं भाईर काढलं. "पाय यायलेत बाई," म्हणली, "डोकं न्हाई, पाय." माझा जन्म मेंढरात गेला. उलटं कोकरू मी किती बार सोडवलंय त्येचा हिशेब न्हाई. मी घटाजवळनं उठले. तर तीच तानुबाई मला हात जोडायली. "उठू नका! तुमी शिवलात तर तुमचा घट बाटंल, आन् उद्या आमाला भाईर काढतील. माझी मी बघते." विहीणबाई, हे तुमी ध्यान देऊन ऐका. तिची सून मरायला टेकली होती, आन् ती मला अडवायली होती. कशापायी, तर रस्त्यावर यायच्या भीतीपायी.

मी तिला बाजूला सारलं. नेम गेला तर जाऊ दे म्हणलं. लेकरू हाताला लागलं, हळू हळू फिरवत काढलं. निळं पडलं होतं. रडंना. पाठीवर थापट्या दिल्या, तोंडात फुंकलं. सगळ्या बाया टाळ धरून उभ्या. मग ते मांजरागत एवढंसं रडलं. पोरगी हाय. पयल्या कातरणीची कोकराची मऊ लोकर मी तुझ्या लेकरासाठी पिंजून ठेवली होती, ती घरनं आणवली आन् तिच्यात गुंडाळली. तुझ्यासाठी दुसरी पिंजीन.

भाईर किशनराव उभा. म्हणला, "केवळाबाई, घट बाटला. आता मला कुणाला थोपवता येणार न्हाई." खरंच रडकुंडीला आलता.

तवा कमलबाई पुढं झाली. म्हणली, "बाटला कसा? आई म्हणता ना तिला? मग आईपुढं लेकरू झालं तर तिनं काय नाक मुरडायचं? केवळाबाईचा नेम मोडला ह्ये खरं. तिनं उठावं. तिच्या जागी मी बसते." आन् बसली! नवऱ्याच्या डोळ्यांपुढं पदर खोचून घटाजवळ बसली, दिव्यात तेल घातलं आन् म्हणली, "आता मला भाईर काढा." किशनराव बघतच राहिला. मग घरी गेला आन् बायकूसाठी घोंगडी आन् लक्ष्मीसाठी डिंक घेऊन आला. बायांनी राहिलेली आरती म्हणली. लेकरू मधी मधी रडायलं, कुणी गप कर म्हणलं न्हाई.

मनू, तू विचारलंस, घरात का न्हाई नेलंस? तानुबाईनं बी 'दसऱ्यानंतर?' म्हणून हेच विचारलं होतं. दोघींला मी उत्तर दिलं न्हाई. तुझी सोयरीक, तुझे सासरचे, भाऊबंद, आपली रीत, सगळ्याला मी भ्याले. देवीला पुढं केलं आन् आपण मागं राहिले. पण ती पोरगी हातावर रडली तवा माझ्या अंगावर तिच्या आईचं रगत होतं, आता पाणी वरून वतून काय करू?

दसऱ्याला घट उठले. त्याच दिशी मी तिघांला, आता चौघांला, माझ्या घरी आणलं. लक्ष्मी तुझ्यासाठी सारवलेल्या खोलीत बाळंतीण हाय. तानुबाईनं फोटू भिंतीतल्या आपल्या देवाच्या देवळीशेजारी लावला. परभणीच्या विहारातले लोक येऊन गेले, पत्रे आन् बांबू देणार म्हणलेत. रायभान मेंढरं घेऊन आला की मेंढरांच्या वाडग्याच्या अंगाला त्येंना छप्पर घालून देईल. मी निरोप धाडलाय, विचारायला न्हाई, सांगायला.

आता आश्रुबा, तू वाचायलाच हायस तर तुझ्यासाठी. घर धनगरगल्लीत. दारापुढं लिंबाचं झाड. दाराला निळा रंग. चुकायचं कारण न्हाई. यायचं तर दिवसा ये, म्हंजी लेकरू नीट दिसंल तुला.

आन् मनू, तुला खोटं बोलावणं धाडत न्हाई. खोली एक हाय, बाज एक हाय, तिच्यावर लक्ष्मी हाय. शेजारी तू आलीस तर माझ्यासारखी खूश कुणी न्हाई. न आलीस तर मी समजून घेईन, पण मानसं काढणार न्हाई. विहीणबाईनं आन् जावईबापूंनी ठरवावं. माझा जीव टांगणीला हाय. लवकर लिही.

तुझी आजी
केवळाबाई

*

सोनपेठ
१९ ऑक्टोबर १९७८

आजी,

तुझं पत्र भाऊजींनी ओट्यावर वाचलं. आधी जोरात वाचत होते. वेशीपाशी जीप आली तिथं आवाज बसला. सासूबाई म्हणाल्या, "थांबलास का? विहीणबाईंनी गाळू नको म्हटलंय." मग लेकरू रडलं तिथपर्यंत त्यांनी वाचलं आणि पत्र माझ्या हातात द्यायला लागले. सासूबाईंनी परत त्यांच्याच हातात दिलं. "घराचा पत्ता राहिला तुझा. तो पण वाच." दाराला निळा रंग, हे भाऊजींनी इतकं हळू वाचलं की मलाही ऐकू आलं नाही.

सासूबाई उठून न्हाणीत गेल्या, बऱ्याच वेळानं आल्या. डोळे धुतलेले होते. म्हणाल्या, "तुला पण पायाळूच झालं तर? इथं कोण आहे सोडवायला?" माझा राग पत्र ऐकतानाच गेला होता आजी, पण भीती तशीच होती, आता त्या नाही म्हणतील म्हणून. हे कोपऱ्यात उभे. भाऊजी खाली मान घालून.

मग सासूबाईंनी फर्मान काढलं. "दोन बाळंतिणी एका म्हातारीला झेपायच्या नाहीत, तेव्हा मी पण जाते. तिथं जाऊन मी माझं पाणी वेगळं भरीन, माझी भाकर वेगळी थापीन, कुणी काही म्हणायचं नाही. आणि बाज एकच आहे म्हणून काय सून भुईवर बाळंत होणार? आपली घेऊन चला."

तर सोमवारच्या परभणी गाडीनं आम्ही येतो. मी, हे आणि सासूबाई. एसटीच्या टपावर बाज असेल. कंडक्टर कुरकुर करतोय म्हणून सासूबाई स्वतः स्टँडवर जाऊन भांडून आल्या. बाजेची दावण, पायथ्याची दोरी, सैल झाली होती. आज सकाळपासून आश्रुबा भाऊजी अंगणात बसून ती आवळतायत. मघाशी मला म्हणाले, "वैनी, बसून बघा, सोसेल का." मी बसले. सोसते.

वेशीवर कुणाला तरी पाठव, बाज उतरवून घ्यायला.

तुझी मनू